अप्पांची खुर्ची वापरात आहे

या जगात काहीच संपत नाही. जे जातं ते रूप बदलून परत येतं. हे वाक्य वाचताना माणसाचे हात आपोआप जुळायला लागतात, आणि मग लक्षात येतं की ते एका खुर्च्यांच्या कंपनीच्या चहाच्या कपावर छापलेलं आहे. हे कप स्वागतकक्षात मांडून ठेवलेले असत. येणारे पाहुणे ते आठवण म्हणून पिशवीत टाकून नेत, आणि त्यांतला एकही कप कधी परत आला नाही.

खुर्च्या मात्र परत येत. कंपनी खुर्ची विकतच नसे. "आपण बसणं पुरवतो," असं साहेब म्हणत, आणि म्हणताना स्वतः उभे असत. खुर्ची शेवटपर्यंत कंपनीचीच राही, गिऱ्हाईक फक्त बसे. मोडली तर कंपनी दुरुस्त करी, आणि एक सबंध ऋतू कुणी बसलंच नाही तर ती खुर्ची 'निवांत' ठरे व गाडी येऊन तिला घेऊन जाई. कारखान्यामागच्या शेडमध्ये मग ती सुटी होई. लाकडाचा भुसा होऊन नव्या फळ्या, कापड पिंजून नव्या गाद्या, लोखंड जसंच्या तसं पुढच्या खुर्चीत. चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच. कारखान्यात कचऱ्याचा डबा म्हणून ठेवलेला नव्हता. लोक आपापला कचरा खिशात घालून घरी नेत.

या सगळ्यामागचं डोकं थोरलीचं. थोरली ती घरात. ऑफिसात तिला मॅडम म्हणत. खुर्चीचं मॉडेल तिचं आणि नियमही तिचेच. पहिला नियम असा की खुर्चीत सरस नाही, खिळा नाही. सगळं एकाच जातीच्या स्क्रूने जोडायचं, म्हणजे एकाच पान्ह्याने सगळं सुटतं. दुसरा नियम असा की कुठल्याही भागाचा इतिहास पुसायचा नाही. प्रत्येक खुर्चीच्या सीटखाली चार बोटं रुंदीची सेन्सरची पट्टी असे. कुणी बसलं का, कुठल्या अंगावर झुकलं, कधी उठलं, हे ती ऑफिसात कळवी. वजनही तिला कळे, पण ते दाखवायचं नाही असं ठरलं होतं. सुरुवातीला सगळ्यात जास्त तक्रारी खुर्चीने वजन कळवल्याच्या आल्या होत्या. दुसऱ्या नियमाबद्दल थोरलीला एक काचेचं वर्तुळ बक्षीस मिळालं होतं. मॉडेलच्या मजबुतीची चाचणी तर आजही नव्या लोकांना सांगितली जाई. वाळूचं एक पोतं यंत्राने लाखभर वेळा खुर्चीत बसवलं आणि उठवलं. पोत्याने एकदाही तक्रार केली नाही.

त्या मॉडेलची अगदी पहिली खुर्ची अप्पांकडे गेली. थोरलीचे वडील तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते, आणि बसण्यापलीकडे त्यांना काही काम उरलं नव्हतं. लेकीने केलेली खुर्ची म्हणून ते दुपारभर तीत बसत. डावीकडे झुकून बसत. आईचं म्हणणं, नोकरी सुटली की माणूस एका बाजूला कलंडतोच. आणखी एक सवय त्यांना याच दिवसांत लागली. मधेच ते खुर्चीतून अर्धवट उठत, काहीतरी महत्त्वाचं सांगायचं असल्यासारखे. आई हातातलं काम थांबवून बघे. "काय हो?" त्यावर अप्पा, "काही नाही, जाऊ दे," असं म्हणून परत बसत.

अप्पा उन्हाळ्याच्या तोंडावर गेले. खुर्चीत नव्हे, हॉस्पिटलात, दुसऱ्याच कंपनीच्या पलंगावर. खुर्ची खिडकीशी राहिली. तिच्या पाठीला डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग होता, आणि आई रोज खुर्चीवरची धूळ झटके, तो डाग सोडून.

"ही खुर्ची न्यायला यायचे का गं तुमचे लोक?" तिने थोरलीला विचारलं.

"कुणी बसलं नाही तर येतील, आई. नियम आहे."

"कुणाचा?"

"माझाच."

"मग बदल."

"असं एकीसाठी बदलता येत नाही. शेकडो खुर्च्या आहेत."

"मी काय शेकडो खुर्च्या मागतेय?" आई म्हणाली. "हा डाग धुणार तुम्ही. धुऊन, पिंजून कुणाच्या तरी बुडाखाली घालणार. मला सगळं माहितेय, तूच जेवताना सांगितलं होतंस, मोठ्या कौतुकाने."

"मग तू बसत जा ना तीत."

"मी? ह्यांच्या खुर्चीत?" आईने असा चेहरा केला की थोरलीने विषय सोडला. धाकट्या भावाने, जो फार लांब राहत असे आणि सल्ले मात्र जवळून देई, फोनवर सुचवलं की खुर्चीवर विटांची पिशवी ठेवा. आई म्हणाली, तुझ्या वडलांच्या जागी विटा ठेवायला मी अजून मेलेली नाही.

तर एका ऋतूची मुदत होती आणि ती संपत आली होती.

थोरलीच्या टेबलावरच्या पडद्यावर सगळ्या शहराचा नकाशा असे, आणि त्यात प्रत्येक खुर्चीचा एक ठिपका. कुणी बसलं की ठिपका हिरवा, उठलं की राखाडी. सकाळी ऑफिसांच्या भागात हिरवं पीक उगवे, संध्याकाळी ते घरांच्या भागात सरके. आवाज काही नाही. शहरातली सगळी माणसं मुकाट्याने बसताहेत आणि उठताहेत, एवढंच. थोरलीला हा नकाशा पूर्वी फार आवडायचा. अलीकडे ती फक्त एक राखाडी ठिपका बघे आणि पडदा बंद करी.

त्या दिवशी दुपारी ती बसल्या बसल्या नकाशा उघडून बघते, तर अप्पांचा ठिपका हिरवा होता.

तिने त्यावर बोट टेकवलं. 'वापरात', असं आलं. खाली बसण्याची आकृती आली: झुकाव डावीकडे. ती बघत असतानाच ती आकृती किंचित वर उचलली गेली, अर्धवट, आणि क्षणभर तशीच राहून पुन्हा खाली बसली.

खोलीतला पंखा चालू होता. तिने आईला फोन लावला.

"आई, खुर्चीत कोण बसलंय?"

"कुठल्या?"

"अप्पांच्या."

"कुणी नाही. का गं?"

"नीट बघ."

"अगं, समोर आहे माझ्या. बघायचं काय त्यात? रिकामी आहे." मग आईचा आवाज बदलला. "तुझ्या त्या मशीनमध्ये काय दिसतंय?"

खोटं बोलायला वेळ लागतो, आणि थोरलीला तेवढा मिळाला नाही. "बसलंय कुणीतरी, असं दिसतंय. डावीकडे झुकून."

आई हळू आवाजात बोलली, पण थोरलीशी नाही. "चहा ठेवू का?"

तेव्हापासून तो रोजचा नेम झाला. दुपारी आईचा फोन येई, नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न: "बसलेत का गं हे?" थोरली नकाशा उघडून बघे आणि सांगे, "बसलेत." "नीट?" "डावीकडे झुकून." "असू दे." बसलेत म्हटल्यावर आईच्या आवाजात एक जुनी तक्रार परत येई, आणि ती तक्रार ऐकून थोरलीला बरं वाटे. आई जेवायला लागली. खुर्चीसमोर बसून भाजी निवडायला लागली. रिकाम्या खुर्चीला शेजारपाजारच्या बातम्या सांगायला लागली, आणि आपण काय सांगितलं ते मग फोनवर थोरलीलाही सांगे, म्हणजे प्रत्येक बातमी दोनदा वापरात येई.

"उठले होते का मधे?" एकदा तिने विचारलं.

"अर्धवट उठले, मग बसले."

"बघ. जन्मभर काहीतरी सांगायचं राहून गेलं ह्यांचं. अजून सुचत नाहीये." मग थांबून, "ते बसतायत तोवर गाडी यायची नाही ना?"

"नाही यायची."

"मग बसू देत."

धाकट्याचं म्हणणं पडलं, मांजर असेल. थोरली म्हणाली, मांजर अर्धवट उठून 'जाऊ दे' म्हणत नाही. धाकटा म्हणाला, ताई, तू सुट्टी घे.

सुट्टी घ्यावी असं तिलाही वाटत होतं. रात्री झोप चांगली लागे, दिवसाच काहीतरी बिनसलेलं होतं. उजव्या मांडीच्या वरच्या बाजूला एक बारीक सल राही, ऑफिसात जास्त, घरी कमी. डॉक्टर म्हणाले, दुःख शरीरात कुठेही जाऊन बसतं. त्याच दिवसांत एकदा व्हिडिओ कॉलवर आईने तिला ऑफिसात बसलेली पाहिलं आणि म्हणाली, "तूही ह्यांच्यासारखी वाकडी बसायला लागलीस. गेलेल्या माणसाच्या सवयी घरातल्यांमध्ये वाटल्या जातात म्हणतात. धाकट्याच्या वाट्याला काय आलं कोण जाणे." थोरलीने स्वतःकडे पाहिलं. ती खरंच डावीकडे झुकली होती. तिच्या अंगावर काटा आला आणि तिला थोडं भरूनही आलं; दोन्ही एकदम झाल्याने तिने काहीच केलं नाही.

मुदत संपली आणि गाडी आली नाही. शेडमध्ये त्या ऋतूच्या निवांत खुर्च्या उतरवल्या जात होत्या तेव्हा थोरली मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिली. सुट्या झालेल्या सीटांची थप्पी भिंतीला लागली होती. पिंजण्यापूर्वीच्या गाद्यांवर बसणाऱ्यांचे खड्डे अजून तसेच होते. एकेक खड्डा एकेका माणसाचा. माणसं उठून गेली होती आणि बसणं मागे राहिलं होतं. पूर्वी हे दृश्य ती पाहुण्यांना अभिमानाने दाखवी. आज तिला असं वाटलं की आपण मोठ्याने बोललो तर या सगळ्या गाद्या थोड्याशा वर उचलल्या जातील.

ते खड्डे तिने बारकाईने बघायला हवे होते. तिने बघितले नाहीत, लगबगीने आपल्या खोलीत आली, खुर्चीत बसली, आणि अप्पांचा ठिपका हिरवा आहे याची खात्री करून घेतली.

उलगडा झाला तो चहामुळे. कप तोच, 'काहीच संपत नाही' असं सांगणारा. तो कलंडून चहा तिच्या मांडीवर सांडला आणि ती ताडकन उठली. पुसायला कागद शोधताना तिची नजर पडद्यावर गेली. अप्पांचा ठिपका राखाडी होता.

ती बसली. हिरवा झाला.

उठली. राखाडी.

बसली. ठिपका हिरवा, आकृती डावीकडे झुकलेली. हा प्रकार ती कितीतरी वेळ करत राहिली. काचेपलीकडून कंपनीचा हिशेबनीस बघत होता. "व्यायाम चांगला आहे, मॅडम," तो म्हणाला. "माझ्या बायकोला सांगतो."

थोरलीने खुर्ची आडवी पाडली, टेबलाच्या खणातून पान्हा काढला आणि सीट सोडवली. एका पान्ह्याने, काही क्षणांत, जसं तिने योजलं होतं तसंच. खालच्या पट्टीवर क्रमांक होता. तो अप्पांच्या खुर्चीचा होता.

मग तिला आठवलं, आणि आठवायला काही अवघड नव्हतं. अप्पा हॉस्पिटलात असताना घरची खुर्ची करकरते म्हणून दुरुस्तीचा माणूस येऊन गेला होता. रीतीप्रमाणे त्याने जुनी पट्टी काढून दुसरी, धुऊन-पुसून आलेली बसवली. जुनी शेडमध्ये गेली, धुतली गेली आणि पुढच्या खुर्चीत लागली. ती पुढची खुर्ची थोरलीची निघाली. मुदत संपत आली त्या सुमारास साहेबांनी फर्मान काढलं होतं की यापुढे ऑफिसातल्या सगळ्यांनी परत आलेल्या मालातूनच बनलेल्या खुर्च्या वापरायच्या. तोवर थोरली एका साध्या लाकडी खुर्चीत बसे. आपण केलेल्या खुर्चीत दिवसभर बसायची वेळ तिच्यावर आली नव्हती. नवी खुर्ची आली त्याच दिवशी दुपारी अप्पांचा ठिपका हिरवा झाला होता.

चूक म्हणावी तर अशी होती की दुसऱ्या नियमात इतिहास भागाला दिलेला होता, खुर्चीला नाही. पट्टी जाई तिथे तिचं नाव जाई, गिऱ्हाइकाचं घर जाई, झुकाव जाई. पट्टी बदलली की खुर्चीला स्वतःचं असं काही उरतच नसे. अप्पांची म्हणून आई जिच्याशी बोलत होती ती खुर्ची आता नकाशावर एका दंतवैद्याच्या नावावर होती, आणि ती निवांत होती. दंतवैद्य कळवळून पत्रं लिहीत होता की माझ्याकडे खुर्ची रिकामी नसल्याने पेशंट उभे राहतात, आणि तुम्ही म्हणता कुणी बसत नाही.

सीट परत जोडून थोरलीने हे साहेबांना सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे नकाशा चुकीचा आहे?"

"कुणी बसलंय एवढं बरोबर आहे. कोण आणि कुठे, ते चुकीचं आहे."

"मग फारसं बिघडलं नाही," साहेब म्हणाले. "दुरुस्त करा. या आठवड्यात करा. पट्टी नव्हे, खुर्ची धरून. आणि दंतवैद्याला एक कप पाठवा."

दुरुस्ती करणं म्हणजे काय ते थोरलीला लगेच कळलं. ठिपके आपापल्या खुर्च्यांना परत जोडले की खिडकीजवळची खुर्ची निवांत ठरणार, मुदत कधीचीच उलटून गेलेली, गाडी दुसऱ्या दिवशी दारात. आणि दुपारी फोन आला की सांगायला काही उरणार नाही.

ती दुपारीच आईकडे गेली. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

आईने दार उघडलं ते भाजीची सुरी हातात घेऊन. "आज कशी काय? बरं नाही का?"

"बरं आहे. तुझ्याशी बोलायचंय."

"हळू बोल," आई म्हणाली आणि मान खुर्चीकडे केली. खिडकीतून ऊन आलं होतं. खुर्चीवर, तेलाच्या डागाच्या खाली, उन्हाचा एक चौकोन पडला होता. समोरच्या तिपाईवर चहा होता, साय धरलेला.

"आई, तिथे कुणी बसत नाही."

"ते मला दिसतंय. मी आंधळी नाही."

"तसं नाही. मशीनमध्ये जे दिसायचं ते मी होते. अप्पांची पट्टी माझ्या खुर्चीत आलीय. मी बसले की ती म्हणते अप्पा बसले."

आईने भाजी निवडता निवडता ऐकलं. थोरलीने पुन्हा एकदा, अधिक सोपं करून सांगितलं. आईने देठ मोडला.

"डावीकडे झुकून तूच?"

"हो."

"आणि अर्धवट उठायचं ते?"

आपण अर्धवट उठतो हे थोरलीला माहीत नव्हतं. "तेही मीच असणार," ती म्हणाली.

"काय सांगायचं असतं तुला?"

"काही नाही."

"तेही हेच म्हणायचे," आई म्हणाली. मग बराच वेळ देठ मोडत राहिली. "म्हणजे आता तू इथे आहेस तर ते बसलेले नसणार."

"नसणार." थोरलीने पर्समधून फोन काढला. फोनवरही नकाशा येई. "हे बघ, तुला दाखवते. राखाडी असेल."

ठिपका हिरवा होता.

दोघीही फोनकडे बघत राहिल्या. 'वापरात'. झुकाव डावीकडे. थोरली उभी होती, आईच्या घरात, भर उन्हात. समोरची खुर्ची रिकामी होती. फोनवरची आकृती सावकाश वर उचलली गेली, अर्धवट, थांबली, आणि खाली बसली.

"मग हे कोण गं?" आईने विचारलं. तिने सुरी खाली ठेवली होती.

थोरलीने ऑफिसात फोन लावला, कुणी उचलला नाही. जेवणाची वेळ होती. घंटा वाजत असताना तिला आपली खोली दिसत होती, बंद दार, पंखा, आणि दाराकडे पाठ करून डावीकडे झुकलेलं कुणीतरी. मग ठिपका राखाडी झाला. घंटा वाजतच राहिली.

आधी आई उठली, साय धरलेला चहा मोरीत ओतला आणि कप विसळला. "गाडी कधी येणार?" तिने पाठमोरीच विचारलं.

"नकाशा दुरुस्त केला की. परवापर्यंत."

"बरं."

दुसऱ्या दिवशी थोरलीने हिशेबनिसाला गाठलं. काल माझ्या खोलीत कुणी आलं होतं का? "मीच बसलो होतो जरा," तो म्हणाला. "डबा खायला. माझी खुर्ची शेडवाल्यांनी उचलून नेलीय, निवांत म्हणून. मी तीत रोज बसतो, मॅडम. वर्षभर बसतोय." यावर कुणालाही सुटल्यासारखं वाटलं असतं. थोरलीला वाटलं नाही. "तुम्ही डावीकडे झुकून बसता?" तिने विचारलं. हिशेबनीस दुखावल्यासारखा दिसला. "मी सरळ माणूस आहे," तो म्हणाला.

तिने नकाशा उघडला आणि यावेळी अप्पांचा ठिपका सोडून दुसऱ्यावर बोट ठेवलं. डावीकडे. तिसऱ्यावर. डावीकडे. दंतवैद्याच्या दुसऱ्या एका खुर्चीवर, कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिकेवर, लांबच्या वस्तीतल्या कुणा म्हाताऱ्यावर. सगळे डावीकडे. ती बघत असताना शहराच्या एका टोकाला एक आकृती अर्धवट उठून बसली, मग दुसऱ्या टोकाला दुसरी. इतकी वर्षं हे आकडे अहवालात येत होते, 'गिऱ्हाइकांचा कल स्थिर' अशा शब्दांत. अप्पा पट्टीत नव्हते. अप्पा सुटे होऊन सगळ्या शहरात लागले होते, थोडे भुशात, थोडे कापसात, आणि तिनेच तर ते योजलं होतं: काहीही वाया जाणार नाही.

दुपारी साहेबांनी बैठक बोलावली. लांबलचक टेबल, त्याच मॉडेलच्या खुर्च्या दोन्ही बाजूंना. साहेब उभे राहून दुरुस्तीबद्दल बोलत होते. थोरली शेवटच्या खुर्चीत बसली आणि तिने मान वर केली. टेबलाभोवतीचं सगळं ऑफिस डावीकडे झुकलेलं होतं, वाऱ्यातल्या गवतासारखं. जाहिरातवाली बाई अर्धवट उठली. थोरलीला वाटलं, आता बोलेल. तिच्या चेहऱ्यावर अप्पांचाच तो भाव होता, काहीतरी फार दिवसांचं सांगायचं असल्याचा. ती पुन्हा बसली. मग वकील उठला, बसला. मग हिशेबनीस. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. साहेब बोलत होते. थोरलीच्या लक्षात आलं की आपलेही पाय जमिनीवर रेटले जाताहेत आणि आपण वर उचलले जात आहोत. तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

फोन वाजला. आई. थोरली बाहेरच्या बोळात आली.

"बसलेत का?" हा प्रश्न आला नाही. आई म्हणाली, "तुमच्या लोकांना सांग, गाडी पाठवू नका. खुर्ची वापरात आहे."

"आई..."

"मी बसलेय. सकाळपासून बसलेय. एवढं बोलत होते ना, मी काय ह्यांच्या खुर्चीत बसू, तर बसले. नेऊ कशी देईन? डाग माझ्या डोक्याच्या मागे येतोय बरोब्बर."

थोरलीने बोळातल्या भिंतीला हात टेकला. काचेतून तिला बैठक दिसत होती. तिने विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला, "आई, तू कशी बसलीयस? डावीकडे झुकून?"

"मग काय करू?" आई म्हणाली. "उजवीकडे स्क्रू टोचतोय. किती वेळ सहन करणार, मधेमधे उठावं लागतं. ह्यांना पण टोचत असणार गं. तुझं मॉडेल म्हणून बोलले नसतील."

पुढच्या मॉडेलमध्ये तो स्क्रू दोन बोटं मागे घेण्यात आला.